उघाडी गळत नव्हती

हस्त कोरडा गेला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना आता ते ठाऊक झालं आहे. नवरात्राचे ते दिवस, आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊन मानेला चावणारं. बाजारात लोक एकमेकांना सांगत असतात, बरं झालं, यंदा पावसाने लवकर आवरलं, रस्ते सुकले, कपडे वाळतात. बायको दारात झेंडूची माळ करत बसलेली असते. मी कुणाशी धड बोलत नाही. ते स्वच्छ आभाळ मला एखाद्या सभ्य गृहस्थासारखं वाटतं. वरून डाग नाही, आणि खाली कुठेतरी कुणाचं वाटोळं चाललेलं. असा एक सभ्य गृहस्थ मी फार जवळून ओळखतो. दाढी करताना रोज त्याचं तोंड पाहावं लागतं.

यंदाही हस्त कोरडा गेला. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

खाडीकाठची शेती ज्यांनी पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. पनवेलहून उरणच्या बाजूला निघालं की डांबरी रस्त्याच्या खाली, भरतीच्या पाण्याहूनही खाली, भाताची खाचरं आहेत. समुद्राला अडवून माणसांनी ती काढलेली आहेत. चिखलाचा लांबच लांब बांध, आणि बांधात एक लाकडी दार. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ते दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचं पाणीच ते दार लावून घेतं. ऐकायला सोपं वाटतं. पण दाराखाली एखादी काटकी अडकली, फळीला खेकड्याने भोक पाडलं, तरी एका उधाणात वर्षाचं अन्न जातं. त्यासाठी गावाचा एक माणूस असतो. रात्र नाही, दिवस नाही, तो भरतीच्या वेळा पाळतो.

दार घट्ट असलं तरी जमीन खारीच. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुलतं. ज्येष्ठ-आषाढाचा पाऊस ते मीठ खाली दाबतो, आणि वर वीतभर गोड पाणी उभं राहतं. त्या वीतभर गोडव्यात भात जगतं. मीठ जात कुठेच नाही. ते खाली बसून असतं. पावसाचं ओझं उठलं की ते मातीच्या बारीक बारीक वाटांनी पुन्हा वर चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं. हस्ताचा पाऊस हे शेवटचं ओझं. तो पडला नाही तर ज्या पिकाचे दाणे अजून दुधात आहेत ते मेलं म्हणून समजा.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. परीक्षेत लिहून मी त्याचे गुणही मिळवले होते. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

ज्या गावाबद्दल लिहितो आहे त्याचं नाव लिहीत नाही. माणसं अजून आहेत, आणि एकदा माझ्या कागदात त्यांचं नाव जाऊन पुरेसं नुकसान झालेलं आहे. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. मी तिशीच्या आतबाहेर होतो, शेतकी पदविका घेतलेला, नोकरीत हंगामी. सुधारलेलं भात गावोगाव लावून घ्यायचं हे माझं काम. सायकलला पिशवी, पिशवीत नमुन्याच्या लोंब्या, डोक्यात दुसऱ्याला शहाणं करायची घाई.

उघाडीचा राखणदार होता कान्हूदादा. साठीचा, काळा, कमरेत किंचित वाकलेला. पेरणीच्या दिवसांत तो रोज सकाळी खाचरात उतरायचा, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, गालात फिरवायचा आणि थुंकायचा. असं आठ-दहा दिवस. मग एके दिवशी थुंकायचा नाही, गिळायचा. त्या दिवशी सारा गाव मोड आणलेलं भात चिखलात फेकायला निघायचा. मी पाण्याचा नमुना बाटलीत भरून पुण्याला पाठवत असे. उत्तर यायला महिना लागायचा. कान्हूदादा ती बाटली पाहून एकदा म्हणाला होता, सायेब, पुन्याचा मानूस पितो का थुकतो तेवरंच कलवा. लोक हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. माझ्यासारख्या माणसाला लागलेली गोष्ट धोक्याची असते.

त्यांचं भात तांबडं होतं. बुटका दाणा, टोकाला लांब, टोचरं कूस, शिजवलं की भाकरीसारखं जड लागणारं. पाखरं कुसांना भिऊन जवळ येत नसत. आणि ते लवकर पिकायचं. हस्त लागायच्या आधीच दाणा टणक झालेला असायचा. मीठ वर येईतो पीक घरात. एवढी साधी गोष्ट, पण ती साधायला त्या बियाला किती पावसाळे लागले असतील याचा हिशेब माझ्या पुस्तकात नव्हता.

बी कसं राखत ते सांगतो, कारण माझ्या पापाचं मूळ तिथे आहे. उघाडीला लागून एक कोपरा होता. सगळ्यात खोल, सगळ्यात खारट. तिथे दहातली सहा रोपं मरायची. उरलेली चार गुडघ्याइतकी वाढायची, लोंबीला मोजके दाणे, बाकी पळिंज, म्हणजे पोकळ फोलं. गावाचं बियाणं त्या कोपऱ्यातलं घेत. वरच्या खाचरातली भरघोस, टपोऱ्या दाण्यांची लोंबी खायला, आणि ही खुरटी पेंढ्याच्या मुड्यात बांधून पुढच्या सालासाठी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरोखर किळस आली. निवड उत्तम झाडातून करावी हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकाचं पहिलं पान. मी देवळापुढे सगळ्यांना बसवून विचारलं की तुम्ही लंगड्या बैलापासून पैदास करता का? कान्हूदादाला त्या कोपऱ्याविषयी पुस्तकी शब्द येत नव्हते. तो एवढंच म्हणाला, तितं जो जगला तोच आमचा.

आज मी हे वाक्य कुठल्याही विद्यापीठाच्या भिंतीवर कोरायला तयार आहे. तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, ‘शेतकरी अज्ञानी, अंधश्रद्ध.’ ती वही माझ्याकडे आहे. जाळली नाही. जाळणं सोपं झालं असतं.

बी म्हणजे आम्हाला दाणा वाटायचा. एका गावात घडला, पोत्यात भरला, दुसऱ्या गावात पेरला. पण दाण्याच्या आत त्या मातीचा राग असतो, तिथल्या पावसाची चुकवाचुकवी असते. कुठली रोपं मेली त्याची आठवण असते. आम्ही आणलेलं पांढरं भात कुठल्यातरी गोड मातीच्या शेतावर वाढलेलं होतं. तिथे ते राजा होतं, त्यात खोटं काही नाही. खाडीपासून लांब, वरच्या अंगाला विचुंब्याच्या गोड्या खाचरांत मी ते लावलं तेव्हा लोंब्या वाकून पाण्याला टेकल्या. वरच्या गावांनी मला हार घातले. त्या हारांनीच माझी मान ताठ झाली. खाडीकडेही हेच होईल असं मी धरून चाललो. या बियाला पंधरा दिवस जास्त लागतात हे मला माहीत होतं. पंधरा दिवसांचं काय एवढं, असं मी स्वतःला सांगितलं.

गाव तयार होत नव्हतं. तयार झाला तो कान्हूदादाचा मुलगा, लक्ष्मण. बाविशीतला, सातवी झालेला, बापाच्या चिखलाची लाज वाटणारा. तो माझ्या खोलीवर यायचा, माझी मासिकं वाचायचा, मला ‘सर’ म्हणायचा. मी त्याला ‘प्रगतिशील शेतकरी’ म्हणायचो. त्या शब्दाने त्याचा चेहरा कसा उजळायचा ते मला अजून दिसतं, आणि त्या उजेडाचा मी कसा उपयोग केला तेही.

त्याने घरोघर फिरून गाव वळवलं, आणि बियाण्याची अदलाबदल चैत्रात झाली. तांबडं बी द्यायचं, तेवढंच पांढरं घ्यायचं. जमा झालेलं तांबडं भात त्याच आठवड्यात पनवेलच्या गिरणीत भरडायला पाठवायचं ही कल्पना माझी. वरून तसा हुकूम नव्हता. लोकांना मागे फिरायला वाट राहू नये म्हणून मीच ते काढलं होतं, आणि माझ्या हुशारीवर मी खूष होतो. कान्हूदादाने दोन मुडे माळ्यावर लपवले होते. ते लक्ष्मणने काढून आणले. बैलगाडीत ठेवताना तो माझ्याकडे बघून हसला. म्हातारा ओटीवरून पाहत होता. घरात गेला.

त्या वर्षी पाऊस असा लागला की माझ्यावर देव प्रसन्न आहे असं वाटावं. श्रावणात खाचरं हिरवीगार, रोपं कमरेएवढी. मी माझ्या खात्यातल्या वरच्या साहेबांना आणून दाखवलं. बांधावर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतले, मागे कर्नाळ्याचा सुळका येईल असे. लक्ष्मण फोटोत मध्ये. कान्हूदादाला कुणीतरी बोलावलं तर तो म्हणाला, ओहोटी लागतंय, मना दार बघाचा हाय.

आणि हस्त कोरडा गेला.

पहिले चार दिवस कुणाला काही वाटलं नाही. पाचव्या दिवशी कान्हूदादा खाचरात उतरला, ओंजळ तोंडात घेतली आणि थुंकला. माझ्यासमोर. मग हळूच म्हणाला, पानी फिरला. मी म्हटलं, चित्रा नक्षत्र लागलं की येईल पाऊस. तो म्हणाला, येल, पर दानं दुधात हायेत.

आधी पानांची टोकं पिवळी झाली, मग तांबूस, मग कुणी विस्तव फिरवल्यासारखी. कोपऱ्यापासून सुरू झालं आणि रोज दोन-दोन खाचरं वर सरकत गेलं. लोंब्या ताठ उभ्या राहिल्या. भरलेली लोंबी वाकते. पोकळ लोंबीला वाकायचं कारणच नसतं. वाऱ्यावर त्यांचा आवाज यायचा, कागद चुरगळल्यासारखा. बायका हातात लोंब्या घेऊन दाबायच्या, दूध नाही, दाणा नाही, नुसतं फोल. एका बाईने मूठभर पळिंज आणून माझ्या सायकलच्या पिशवीत टाकलं आणि निघून गेली. मी ते रस्त्यात झटकलं.

साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी चहा मागवला. मी सांगितलं की मीठ खालून चढलं, पीक उशिराचं आहे, हे बी या मातीचं नाही. ते ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, “बियाणं नापास होत नाही हो, शेतकरी होतो. कारण शोधा.” मग माझ्या कायम होण्याच्या कागदाची चौकशी केली. दोन वाक्यांत अंतर ठेवलं, एवढे ते सभ्य होते.

मी कारण शोधलं. उघाडी. राखणदाराच्या हयगयीमुळे उघाडीतून खारं पाणी आत आलं आणि पीक जळालं, असा पंचनामा मी केला. उघाडी मी स्वतः पाहिली होती. भरतीला आत उभं राहून फळ्यांच्या फटींत बोट घातलं होतं. शेण-माती-काथ्याने लिंपलेली, एक थेंब येत नव्हता. म्हाताऱ्याने तिला लेकीसारखं ठेवलं होतं. पंच म्हणून दोन सह्या लागत. एक मी गावाबाहेरच्या माणसाची घेतली. दुसरी लक्ष्मणची.

त्याने पेन हातात धरलं. मला विचारलं, सर, खरंच गळत होती का? मी त्याला मातीचं शास्त्र सांगितलं. पंधरा मिनिटं सांगितलं, मोठमोठे शब्द घालून. मग त्याने सही केली. बापावर नसेल एवढा त्याचा माझ्यावर विश्वास होता, आणि तो माझ्या नोकरीला उपयोगी पडला.

राग कुणाचा करू? साहेबांचा करतो. त्या फोटोंचा करतो. लांबच्या गोड मातीत बसून साऱ्या मुलखाचं बी ठरवणाऱ्या शहाण्यांचा करतो. रोज सकाळी करतो. पण सगळ्यांचा करून झाला की एक माणूस उरतो, आणि त्याच्यापुढे माझा राग लटपटतो, कारण तो लगेच रडायला लागतो. मला त्याचं रडणं नको आहे. रडून त्याने स्वतःला फार वेळा सोडवून घेतलं आहे.

दिवाळीनंतर कान्हूदादा पनवेलला माझ्या खोलीवर आला. चालत आला होता. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच बसला. गावाने त्याच्याकडून उघाडी काढून घेतली होती. तिच्याबरोबर तिथली मासळी धरायचा हक्क आणि खळ्यावरचा भाताचा वाटाही गेला होता.

“सायेब, उघाडी चुवत नव्हती. तेवरंच लिवा.”

मी म्हटलं, कागद वर गेला, आता माझ्या हातात नाही.

“लक्षिमन माज्याशी बोलत नाय. सही केली ती खरी ठरवाया मना खोटा म्हनतो. तुमी लिवलात तं तो बोलंल.”

मी पुन्हा कागदाचंच सांगितलं. त्याला चहा दिला. त्याने तो प्यायला, कपबशी उंबऱ्यावर पालथी घातली आणि उठला. महिन्याभराने मी कायम झालो. पेढे वाटले. मग बदली झाली, घाटावर.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. लोक परत तांबड्या भाताकडे वळायला निघाले तर बी नव्हतं. उरणकडून कुणी थोडं आणलं, ते त्या कोपऱ्यात दहातलं एकही जगेना. प्रत्येक खाडीचं मीठ वेगळं, तिचं भातही वेगळं. आणि उघाडी ज्याच्याकडे दिली होती तो भला माणूस होता, पण भरतीच्या वेळी त्याला झोप यायची. तिसऱ्या वर्षीच्या भाद्रपदात, अमावास्येच्या उधाणात दार गेलं. मी कागदावर लिहिलेलं खोटं गावाने असं खरं करून दाखवलं. बांध पुन्हा घालायला माणसं नव्हती. अर्धी मुंबईला गिरण्यांत गेलेली. आता तिथे तिवरं आहेत.

यंदा बदलीवर पनवेलला परत आलो, पळस्प्याच्या बाजूला खोली घेतली, आणि हस्त कोरडा जाताना पाहिला. मग एका सकाळी त्या बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर जाऊन उभा राहिलो. जिथे कमरेएवढं भात मी साहेबांना दाखवलं होतं तिथे तिवरांच्या मुळ्या चिखलातून बोटांसारख्या वर आलेल्या. खेकडे, बगळे, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. तिवराचं बी झाडावरच मोड घेऊन खाली पडतं, खाऱ्या चिखलात एक दिवसही वाया घालवत नाही. त्याला कुणी शिकवायला गेलं नाही म्हणून ते टिकलं. कुणी म्हणेल, बघा, निसर्गाने जागा परत घेतली, किती सुंदर. मला तिथे सुंदर काही दिसलं नाही. मला तिथे जेवायला बसलेली माणसं दिसली, जी आता नाहीत.

तिथून गावात गेलो. वरच्या खाचरांची झोडणी चालली होती, खळ्यावर वीस-पंचवीस माणसं. मी पायताण काढून खळ्याच्या कडेला उभा राहिलो आणि सांगितलं. शास्त्र सांगितलं नाही. उघाडी गळत नव्हती, मी स्वतः बोट घालून पाहिलं होतं, तरी खोटं लिहिलं, नोकरीसाठी लिहिलं. झोडणारे हात थांबले. मला वाटलं होतं कुणी मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. एक म्हातारी सूप खाली ठेवत म्हणाली,

“तं सगल्यांना म्हाईत हाय, सायेब. पर तुमच्या कागदापुढं आमच्या म्हाईतीला कोन इचारतंय?”

आणि पुन्हा झोडणी सुरू झाली.

कान्हूदादा मिठागरावर असतो असं तिनेच सांगितलं. दुपारी तिथे पोचलो. या दिवसांत मिठाच्या वाफ्यांचे तळ तुडवून घट्ट करायचं काम असतं. सात-आठ बायका-पुरुष एका ओळीत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, चिखल तुडवत होते. तो टोकाला होता, एकटा, हातात काठी. सत्तरी उलटलेली. पिंढऱ्या मिठाने फाटलेल्या. मला त्याने लगेच ओळखलं, पण पाय थांबवले नाहीत. मी वाफ्याच्या कडेने त्याच्याबरोबर चालत चालत सगळं सांगितलं. गावात जाऊन आलो, खळ्यावर सगळ्यांपुढे कबूल केलं. खरं सांगतो, मला वाटत होतं की आता तो थांबेल, काहीतरी म्हणेल, आणि मी मोकळा होईन.

तो थांबला. काठीवर दोन्ही हात ठेवले.

“खल्यावर लक्षिमन व्हता?”

मी आठवू लागलो. वीस-पंचवीस चेहरे. त्यांतला एकही मी नीट पाहिला नव्हता. सांगताना मी माझंच ऐकत होतो. इतक्या वर्षांनी लक्ष्मण कसा दिसत असेल तेही मला ठाऊक नव्हतं.

“बघितला नाही,” मी म्हटलं.

“मंग काय सांगून आलात?”

तो एवढंच म्हणाला आणि वळला. ओळीतल्या शेवटच्या बाईच्या खांद्यावर त्याने हात ठेवला, आणि सगळ्यांबरोबर त्याचा पाय उचलला गेला, पडला, उचलला गेला. थोडं पुढे गेल्यावर मागे न बघता म्हणाला की लक्ष्मण सध्या पनवेल बंदरात वखारीवर हमाली करतो, सांजेला सहाला सुटतो.

मी घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजले होते. चप्पल हातात घेऊन मी बांधावरून चालायला लागलो.